जुनी बुलेट टेम्पोतून चिंचवडहून कुडाळला न्यायची आहे : चढवणे, बांधणे आणि उतरवणे यांविषयी सल्ला हवा

कुडाळची_वाट :

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांची १९९१ सालची बुलेट ३५० गेली बरीच वर्षे चिंचवडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी आहे. उजव्या पायाचा गिअर असलेले हे जुने मॉडेल आहे. वडील निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या आमच्या गावी राहतात आणि ती गाडी तिथे नेऊन, सवडीने उघडून, पुन्हा चालती करावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. नोंदणीची मुदत संपलेली असल्यामुळे ती रस्त्यावर चालवत नेता येणार नाही, आणि इंजिन इतका काळ बंद असल्यामुळे तसा विचारही करवत नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती टेम्पोतून न्यायची असे ठरले आहे. कोल्हापूरपर्यंत हमरस्ता, तिथून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे कुडाळ, असा रस्ता डोळ्यांसमोर आहे.

माझे प्रश्न असे आहेत. गाडी एकटीच न्यायची असल्यामुळे छोटा हत्ती पुरेल की पिकअप घ्यावी? आमच्या सोसायटीत माल चढवण्याचा धक्का नाही, तेव्हा एवढी जड गाडी वर कशी घ्यावी? हौद्यात ती स्टँडवर उभी करावी की चाकांवर, आणि नेमकी कुठे कुठे बांधावी? भाड्याच्या टेम्पोचे चालक सहसा "दोर आहे, बांधून देतो" असे सांगतात, परंतु घाटातल्या वळणांचा विचार केला की तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.

---

करवीर_पिकअप :

नमस्कार. माझी स्वतःची पिकअप आहे आणि घरसामानाबरोबर दुचाकी नेण्याचे काम नेहमीचे आहे, म्हणून गाडी निवडणे आणि वर चढवणे या दोन गोष्टींबद्दल लिहितो. बांधणीबद्दल इथले जाणकार मेकॅनिक अधिक नेमके सांगू शकतील.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण २२०० मिलिमीटर लांब आणि १४९० मिलिमीटर रुंद असतो. तुमची बुलेट पुढच्या चाकापासून मागच्या मडगार्डपर्यंत सात फुटांच्या आसपास भरेल. म्हणजे पुढचे चाक केबिनकडच्या भिंतीला टेकवले तर मागचा फाळका जेमतेम लागेल, आणि मागे पट्टे ओढायला जागा उरणार नाही. तिरपी उभी केली तर लांबी मिळते, पण मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा कोन सारखा राहत नाही. शहरातल्या शहरात, हळू जायचे असेल तर छोटा हत्ती उत्तम, कारण त्याचा हौदा जमिनीपासून कमी उंचीवर असतो आणि चढवण्याचे कष्ट वाचतात. एवढ्या लांबच्या आणि घाटाच्या प्रवासाला मात्र मी पिकअपच घ्या असे सांगेन.

पिकअपचा एक दोष लक्षात घ्यायला हवा. तिचे मागचे पाटे टनाहून अधिक वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात, आणि तुमच्या बुलेटचे वजन आहे सुमारे १६५ किलो. एवढ्या वजनाने ते पाटे दबतच नाहीत, त्यामुळे गाडी रिकामी असल्यासारखीच चालते आणि प्रत्येक गतिरोधकावर हौदा उडतो. जितके मागे जाल तितके हे उडणे जास्त जाणवते. म्हणून दुचाकी पुढे, केबिनला भिडवून उभी करावी आणि गावी न्यायचे घरसामान असेल तर तेही याच खेपेत घ्यावे. धान्याची पोती, पुस्तकांची खोकी यांसारखे जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना लागले की हौदा शांत राहतो. मात्र कोणतेही सामान बुलेटला टेकवू नये आणि बुलेटही सामानाच्या आधाराने उभी करू नये. सामान हलले की तिचा आधारही हलतो.

आता चढवण्याविषयी. फळीवरून गाडी ढकलायला किती जोर लागेल याचा हिशेब सोपा आहे : हौद्याच्या उंचीला फळीच्या लांबीने भागायचे आणि आलेल्या अंकाने गाडीचे वजन गुणायचे. हौदा तीन फूट उंच आणि फळी सहा फुटांची असेल तर निम्मे वजन, म्हणजे ८० किलोंहून अधिक, तुम्हाला सतत वर रेटत राहावे लागेल. तीच फळी नऊ फुटांची घेतली तर हा भार ५५ किलोंवर येतो. आणि फळीचे खालचे टोक फुटभर उंच फूटपाथवर किंवा कट्ट्यावर टेकवता आले तर उंची दोनच फूट उरते आणि जोर ३७ किलोंच्या आसपास लागतो. म्हणून माणसे वाढवण्याआधी जागा शोधावी. जिथे सपाट रस्त्याला लागून चढ सुरू होतो तिथे टेम्पो सपाटीवर उभा करून त्याची मागची बाजू चढाकडे करावी, म्हणजे फळी आपोआप उंच जमिनीवर टेकते. पार्किंगमधून वर येणारा रॅम्प बहुतेक सोसायट्यांत असतो. त्याच्या पायथ्याशी पिकअप उभी राहू शकते का, ते आधी पाहून ठेवा. गावाकडे आम्ही शेताचा बांध किंवा रस्त्याकडेची ताल वापरतो, आणि जागा नीट मिळाली तर फळीची गरज जेमतेम दीड-दोन फुटांपुरतीच राहते.

फळी बांधकामावरची सेंट्रिंगची चालते, परंतु ती निवडून घ्यावी लागते. गाठी असलेली, खिळ्यांनी जागोजागी भोके पडलेली किंवा मध्ये वाक आलेली फळी वर्ज्य समजावी. जाडी दोन इंच आणि रुंदी किमान नऊ इंच असावी. शेजारी दुसरी फळी माणसाला चालण्यासाठी लावावीच लागते, कारण दुचाकी जसजशी वर जाते तसतसे हँडल धरणाऱ्याचे हात खांद्याच्या वर जातात आणि त्याचा ताबा सुटतो. दोन्ही फळ्यांची वरची टोके हौद्याच्या कड्यांना दोराने घट्ट बांधावीत. चाक फळीवर चढताना ते तिला मागे ढकलत असते, आणि फळी सुटण्याची वेळ नेमकी तीच असते.

एका माणसाने डावीकडून हँडल धरावे, दोघांनी मागून रेटावे आणि चौथ्याने उजवीकडे फक्त तोल सांभाळावा. हात घालायचा तो चासीच्या नळीला, मागच्या फुटरेस्टला किंवा सीटखालच्या लोखंडी भागाला. मडगार्ड, इंडिकेटर, सायलेन्सर आणि स्पोक यांना धरून कोणी उचलू पाहत असेल तर त्याला लगेच थांबवावे. पुढचे चाक हौद्यात गेले आणि मागचे अजून फळीवर आहे, तेव्हा इंजिनाचा तळ आणि स्टँड हौद्याच्या कडेला घासू शकतात. फळी जितकी उभी, तितका हा धोका मोठा. त्या क्षणी रेटारेटी न करता थांबावे, मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवावा, खालून वाकून जागा किती आहे ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

---

गोदाम_सांभाळणारा :

करवीर यांचा हिशेब पटला. बांधणीबाबत माझे मत असे आहे की बुलेटसारख्या गाडीला भक्कम मेन स्टँड असतो, तर त्याचा उपयोग करावा. आमच्या गोदामात दुचाकी महिनोन्महिने मेन स्टँडवर उभ्या राहतात आणि हलत नाहीत. हौद्यात मेन स्टँडवर घेऊन पुढून आणि मागून दोराने आवळले तर गाडी दोन्ही बाजूंना कलंडण्याचा प्रश्न राहत नाही, असे मला वाटते.

---

पाना_पक्कड :

गोदाम_सांभाळणारा यांच्या अनुभवाचा मान राखून सांगतो की उभ्या जागेसाठी मेन स्टँड योग्यच आहे, परंतु चालत्या टेम्पोत तो वापरू नये. कारण असे की आपण गाडी मेन स्टँडवरून उतरवताना तिला पुढे ढकलतो. गाडी पुढे सरकली की स्टँड मागे दुमडतो, आणि तो तसाच दुमडावा म्हणून बनवलेला असतो. टेम्पोने करकचून ब्रेक लावला की हौद्यातली दुचाकी पुढेच ओढली जाते, म्हणजे तिला स्टँडवरून उतरवायला जी दिशा लागते तिकडेच. शिवाय स्टँडवर असताना मागचे चाक अधांतरी असते, त्यामुळे टायर आणि मागचे शॉकअप धक्का शोषण्याचे काम करतच नाहीत आणि प्रत्येक आदळ स्टँडच्या दोन पायांतून सरळ चासीवरच्या जोडाला बसतो. पत्र्याच्या हौद्यात ते पाय सरकतात, ही आणखी वेगळी गोष्ट.

साइड स्टँडचेही तेच. पट्टे आवळले की गाडीचे वजन त्या एका पायावर दाबले जाते आणि स्टँडचा कान वाकतो किंवा त्याची पिन झिजते. दुचाकी दोन्ही चाकांवर, अगदी सरळ, कोणत्याही स्टँडविना उभी राहायला हवी आणि तिला उभे ठेवण्याचे काम चार पट्ट्यांनी करायला हवे. साइड स्टँड बांधणी चालू असताना आधारापुरता खाली ठेवावा आणि पुढचे दोन पट्टे बसल्यावर वर घ्यावा.

पुढचे दोन पट्टे सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या मॉडेलमध्ये हेडलाइटचा डोंब आणि हँडलची पकड एकाच ओतीव भागात आहेत, आणि हँडल त्यात फक्त आवळून धरलेले असते. पट्टे हँडलच्या टोकांना लावून जोर दिला तर हँडल त्या पकडीत फिरते, पट्टा ढिला पडतो आणि नंतर चालवताना हँडल खाली झुकलेले आढळते. त्यासाठी हेडलाइटखाली, दोन्ही शॉकअपना जोडणारा जो आडवा लोखंडी भाग आहे, त्याच्याभोवती मऊ कापडी पट्ट्याचा फास घालावा आणि रॅचेट पट्ट्याचा, म्हणजे खटक्याने खाच-खाच आवळायच्या पट्ट्याचा, हूक त्या फासात अडकवावा. लोखंडी हूक थेट गाडीला लावू नये. फास घालताना पुढच्या ब्रेकची, क्लचची आणि स्पीडोमीटरची केबल आत चेपली जात नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. शॉकअपवरच्या क्रोम नळ्यांभोवती जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा दुहेरी घोळ द्यावा. त्या नळ्या पातळ पत्र्याच्या असतात, त्यांना पट्ट्याचा वळ उठतो, आणि १९९१च्या मूळ नळ्या पुन्हा तशाच मिळत नाहीत.

हे दोन पट्टे पुढे, खाली आणि बाहेर अशा तिन्ही दिशांना ओढणारे असावेत. समोरून पाहिल्यास ते उभ्या रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतील असे हूक निवडावेत. दुचाकी हौद्याच्या मधोमध असली की तो कोन जवळजवळ आपोआप मिळतो. पुढचे चाक केबिनच्या भिंतीला थेट न टेकवता मध्ये जुना टायर किंवा गोणपाटाची जाड घडी ठेवावी. मग दोन्ही रॅचेट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू पूर्ण आवळली तर गाडी तिकडे कलते आणि दुसरा पट्टा तिला ओढून सरळ करू शकत नाही. शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा दबला की थांबावे. याचा हेतू असा की खड्ड्यात दुचाकी खाली दबली तरी पट्टे ढिले पडू नयेत. पूर्ण दाबून टाकल्यास शॉकअपला हलायला जागा राहत नाही, आणि तुमच्या गाडीचे ऑइल सील आधीच वाळलेले असणार, ते तेल सोडू लागतील.

मागचे दोन पट्टे चासीला, मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळ लावावेत आणि ते मागे व बाहेर ओढावेत. त्यांचे काम मागची बाजू वळणावर घसरू न देण्याचे आहे, म्हणून ते बेताने आवळले तरी पुरते. सीटच्या स्प्रिंगा, कॅरिअर आणि डावीकडे मेन स्टँडवर घेण्यासाठी दिलेली मूठ, यांपैकी कशालाही पट्टा लावू नये. शेवटी गाडी पहिल्या गिअरमध्ये घालावी, पुढच्या ब्रेकची मूठ रबराच्या पट्टीने दाबून बांधावी आणि दोन्ही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकावेत.

प्रवासाच्या आधी मात्र एक दिवस हाताशी ठेवा. एवढा काळ उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. चाक फिरतच नसेल तर फळीवर कितीही माणसे लावून उपयोग नाही, म्हणून दोन्ही चाके मोकळी करून, टायरमध्ये हवा भरून, गाडी पार्किंगमध्येच पुढे-मागे ढकलून पाहा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका आणि कॉक बंद करून त्याची नळी सोडवा. बॅटरी काढून घरी ठेवा. ती पाणी घालायच्या जुन्या पद्धतीची असेल तर आम्ल सांडून चासीचा रंग उडतो. चेनकेसमधून तेल ठिबकणारच, तेव्हा खाली जाड पुठ्ठा किंवा भुशाचे पोते अंथरा. हौद्याच्या पत्र्यावर तेल पसरले तर तुमच्या माणसांचे पाय घसरतील.

आणि कृपा करून, "चालू होते का बघू" म्हणून निघण्याआधी किक मारू नका. या इंजिनात तेलाच्या टाकीतले तेल बंद काळात हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये साचते. ते काढल्याशिवाय चालू करणे इंजिनाला घातक आहे.

---

कुडाळची_वाट :

सर्वांचे मनापासून आभार. पाना_पक्कड यांनी सांगितलेला मेन स्टँडचा दिशेचा मुद्दा वाचून लगेच खाली जाऊन गाडी पाहिली, आणि ते अगदी बरोबर आहे. मागचे चाक सध्या खरोखरच जाम आहे, त्यामुळे ते काम पहिल्यांदा हाती घेतो.

आणखी तीन गोष्टी विचारतो. रॅचेट पट्टे बाजारात फार वेगवेगळ्या किमतींचे दिसतात, त्यांतून कोणते घ्यावेत, आणि साध्या दोराने तेच काम होऊ शकते का? माझा धाकटा चुलतभाऊ हौद्यात बसून गाडी धरायला तयार आहे, तसे करावे का? आणि वाटेत कोणी थांबवले तर मुदत संपलेल्या गाडीच्या कागदांवरून अडचण येईल का?

---

करवीर_पिकअप :

चुलतभावाला हौद्यात बसवू नका, हे सर्वांत आधी सांगतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस नेणे नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर त्याच्या भरपाईवरूनही वाद उभा राहतो. त्याहून मोठे कारण म्हणजे कलंडणारी बुलेट एका माणसाच्या हातांनी आवरत नाही. युरोपात माल बांधण्याचे जे मानक आहे त्यात ब्रेकच्या वेळी मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला ०.५ पट जोर गृहीत धरतात. तुमच्या गाडीसाठी तो पुढे १३० किलोंच्या आणि बाजूला ८० किलोंच्या वर जातो. एवढा जोर अंगावर आला तर गाडी आणि फाळका यांच्यामध्ये भाऊ चेपला जाईल. त्याला केबिनमध्ये बसवा आणि दर थांब्यावर पट्टे तपासण्याचे काम द्या.

पट्ट्यांबद्दल : प्रत्येक चांगल्या पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी असते आणि तिच्यावर किती भाराला तो वापरावा हे छापलेले असते. तुटण्याचा भार आणि वापरायचा भार हे दोन वेगळे आकडे आहेत. जाहिरातीत मोठा आकडा दाखवतात, तुम्ही वापरायचा भार पाहा. तो एका पट्ट्याला ३०० किलो किंवा अधिक असावा. पट्ट्याची कड विसविशीत झालेली किंवा चिरलेली असेल तर तो घेऊ नये. चारऐवजी सहा घ्या, कारण वाटेत एखादा रॅचेट अडकला तर दुसरा हाताशी हवा. पट्ट्याचे उरलेले टोक गुंडाळून गाठ मारून ठेवा. ते वाऱ्यावर फडफडत राहिले तर घासून झिजते आणि चाकात जाण्याचीही भीती असते.

दोराने काम होत नाही असे नाही. आमच्या आधीच्या पिढीने सगळे दोरानेच बांधले आहे, आणि ज्याला दोर दुहेरी घेऊन ओढणारी ट्रकवाल्यांची गाठ येते त्याची बांधणी आजही पाहण्यासारखी असते. परंतु नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा आवळावा लागतो, आणि शॉकअप नेमका किती दाबायचा हे दोराने साधणे अवघड आहे. दोर बरोबर असू द्या, तो फळ्या बांधायला आणि ताडपत्रीला लागेलच.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चारही पट्टे तपासा. गाडी या सुरुवातीच्या अंतरातच आपली जागा धरते आणि पट्टे याच वेळी सर्वांत जास्त ढिले पडतात. नंतर कराडच्या पुढे चहाला थांबाल तेव्हा एकदा, आणि राधानगरी सोडून घाटात शिरण्याआधी एकदा. फोंडा घाटात उतार आणि वळण एकाच वेळी येतात, म्हणजे पुढच्या आणि बाजूच्या पट्ट्यांवर एकदमच ताण येतो. चालकाला आधीच सांगून ठेवा की घाट खालच्या गिअरमध्ये, ब्रेक कमी वापरत उतरायचा आहे. चांगल्या चालकाला हे सांगावे लागत नाही, तरीही मागे काय आहे आणि ते कसे बांधले आहे हे त्याला दाखवून ठेवलेले बरे असते.

---

कागदपत्र_कोपरा :

कागदांविषयी थोडक्यात लिहितो. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवण्यास मनाई आहे. टेम्पोत ती माल म्हणून जात असते. तरीही आरसीची मूळ प्रत, वडिलांच्या ओळखपत्राची प्रत आणि "ही माझी गाडी असून ती अमुक पत्त्यावरून अमुक पत्त्यावर नेण्यास मी संमती देत आहे" असे वडिलांच्या सहीचे साधे पत्र बरोबर ठेवावे. चौकशी होते ती बहुतेक वेळा गाडी चोरीची नाही ना, एवढ्यासाठीच. चासी क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे निघण्याआधी स्वतः पडताळा. जुन्या गाडीवर गंज साचून आकडे झाकले जातात, तेव्हा ते रॉकेलच्या बोळ्याने हळूच पुसून घ्या. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला दाखवावी लागते आणि त्या वेळी हे क्रमांक लागतीलच. प्रवास महाराष्ट्रातच असल्यामुळे दुसऱ्या राज्यात जाताना लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र तुम्हाला लागणार नाही, पण गाडी कायमची सिंधुदुर्गात राहणार असेल तर पत्ताबदलाची नोंद करून घ्या. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना ई-वे बिलही लागत नाही.

विम्याबद्दल एक उपयोगी माहिती अनेकांना नसते. दुचाकीचा सर्वसमावेशक विमा चालू असेल, तर रस्ता, रेल्वे, जलमार्ग, विमान किंवा लिफ्ट यांतून वाहून नेताना झालेले नुकसानही त्याच्या मूळ अटींत धरलेले असते. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात ते येत नाही. तुमच्या गाडीचा विमा बंद असणार, म्हणून टेम्पो एखाद्या ट्रान्सपोर्टमार्फत घेतलात तर बिल्टीवर वाहनाचे वर्णन, चासी क्रमांक आणि जाहीर किंमत लिहून घ्या. नुसत्या "१ दुचाकी" अशा नोंदीवर समाधान मानू नका. चढवण्याआधी आणि बांधून झाल्यावर चारही बाजूंनी, टाकी आणि मडगार्ड जवळून दिसतील असे फोटो चालकाच्या समोर काढा. असे फोटो असले की नंतर ओरखडे कधी पडले यावर वाद होत नाही.

---

पाना_पक्कड :

उतरवण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून ते पूर्ण करतो. चढवताना सगळे सावध असतात, पण पोहोचल्यावर दमलेली माणसे घाई करतात आणि गाड्या पडतात त्या बहुधा तेव्हा.

गाडी मागे मागे, म्हणजे मागचे चाक आधी, उतरवायची असते. अशा वेळी बहुतेकांचा हात सहजच पुढच्या ब्रेकवर जातो. परंतु उतारावर वजन खालच्या चाकावर, म्हणजे इथे मागच्या चाकावर, येते आणि वर राहिलेले पुढचे चाक हलके पडते. ते ब्रेकने अडवले तरी फळीवरून घसरत येते, आणि त्याच्याबरोबर हँडल फिरते. त्याऐवजी इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्येच राहू द्यावी आणि क्लचची मूठ हळूहळू दाबत-सोडत उतरावे. मूठ सोडली की इंजिनातला दाब मागचे चाक धरून ठेवतो, दाबली की गाडी सरकते. तुमच्या गाडीचा क्लच इतक्या वर्षांत चिकटलेला असू शकतो, तेव्हा चिंचवडलाच पहिल्या गिअरमध्ये घालून, मूठ दाबून गाडी ढकलून पाहा. ती हलली नाही तर क्लच सुटत नाही असे समजावे, आणि उतरवताना गाडी न्यूट्रल करून, मागच्या फुटरेस्टजवळ चासीला दोर बांधून, तो हौद्याच्या पुढच्या कडीतून एक वेढा घेऊन हळूहळू सोडावा. दोर सोडणारा माणूस हौद्यात आणि शहाणा असावा. पाय सरळ टेकवून उभे राहावे, आणि दोर हाताभोवती गुंडाळू नये.

पट्टे सोडताना आधी मागचे सोडावेत. मग साइड स्टँड खाली घेऊन, एका माणसाने हँडल घट्ट धरल्यावरच पुढचे सोडावेत. दाबलेला शॉकअप एकदम मोकळा झाला की गाडी उसळते, म्हणून दोन्ही रॅचेट एक-एक खाच सोडत, बरोबरीने ढिले करावेत.

गावाकडचे अंगण मऊ मातीचे किंवा शेणाने सारवलेले असेल तर फळीचे खालचे टोक थेट मातीवर टेकवू नका. गाडीचे वजन येताच ते रुतते आणि फळी कलते. खाली चिऱ्याचा सपाट दगड किंवा फरशी घाला आणि ती हलत नाही हे पाहून घ्या. कोकणात चिरा शोधावा लागत नाही, तेव्हा चांगला रुंद निवडा.

उतरल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या. आता त्याचे काम आहे. त्यानंतर वडिलांना पहिल्यांदा क्रँककेसचे तेल काढायला सांगा, मग तेलाच्या टाकीतले, आणि तेल गाळणाऱ्या जाळ्या धुऊन नवे तेल भरल्यावर प्लग काढून, किक हाताने दाबून इंजिन काही वेळा फिरवा. तेल वर रॉकरपर्यंत पोहोचते आहे याची खात्री झाली की मगच प्लग लावून किक मारा. पुढची जुळवाजुळव करताना काही अडले तर नवा धागा काढा, मी अवश्य लिहीन.